नकारावर सही कोणाची?

इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील ब्रिस्टल हे शहर भारतीय वाचकाच्या परिचयाचे असते ते बहुधा एका समाधीमुळे. राजा राममोहन रॉय यांचे देहावसान २७ सप्टेंबर १८३३ रोजी या शहरालगतच्या स्टेपलटन येथे झाले आणि पुढे आर्नोस व्हेल येथील दफनभूमीत त्यांची समाधी उभी राहिली. गुलामांच्या व्यापारावर ज्या ब्रिटिश बंदरांची भरभराट झाली त्यांतही ब्रिस्टलचे नाव अग्रभागी आहे. या दोन्ही गोष्टी इतिहासाच्या पुस्तकांत सापडतात. याच शहरात १९६३ साली बसगाड्यांवर चार महिने चाललेल्या बहिष्काराची हकीकत मात्र आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. वास्तविक त्या लढ्याच्या अखेरीस कंडक्टरचा गणवेश ज्याने प्रथम अंगावर चढविला, त्याचे नाव रघबीर सिंग असे होते.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा लढा मराठी वाचकाला अपरिचित नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली तेव्हा त्या तरुणांनी आपल्या संघटनेचे नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. माँटगोमेरी, रोझा पार्क्स, मार्टिन ल्यूथर किंग ही नावे त्यानंतर मराठी लेखनात सहजपणे वावरू लागली. पण या परिचयामुळे एक समजही दृढ होऊन बसला. वर्णभेद म्हणजे अमेरिकेतील कायद्याने आखून दिलेली रेषा. ज्या देशात असा कायदा नाही तेथे भेद असला तरी तो व्यक्तीव्यक्तींच्या स्वभावाचा प्रश्न, असा तो समज होय. ब्रिस्टलची हकीकत या समजाला छेद देते. तेथे कायदा नव्हता, फलक नव्हता, गाडीत राखून ठेवलेली आसनेही नव्हती; आणि तरीही भेद पूर्ण होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर वेस्ट इंडीजमधून इंग्लंडमध्ये आलेल्यांपैकी सुमारे तीन हजार लोक १९६०च्या सुमारास ब्रिस्टलमध्ये राहत होते. ते ब्रिटिश नागरिक होते. कामावर जाण्यासाठी ते बसगाडीत बसत, तिकीट घेत, रिकाम्या असलेल्या कोणत्याही आसनावर बसत. परंतु त्या गाडीवर ड्रायव्हर किंवा कंडक्टर म्हणून त्यांतील एकालाही काम मिळत नसे. बस कंपनीच्या कर्मशाळेत आणि उपाहारगृहात, म्हणजे कमी पगाराच्या आणि प्रवाशांच्या नजरेआड असलेल्या जागी, त्यांना घेतले जाई. ही कंपनी, ब्रिस्टल ऑम्निबस कंपनी, सरकारी मालकीची होती हे विशेष लक्षात घेतले पाहिजे. शिवाय त्या काळी गाड्यांवर माणसांचा तुटवडा होता. लंडनच्या वाहतूक संस्थेने तर १९५६ पासून बार्बाडोसमध्ये जाऊन कामगार भरती सुरू केली होती. म्हणजे देश तोच, कायदे तेच, धंदाही तोच. आणि राजधानीत जी गोष्ट नित्याची होती ती ब्रिस्टलमध्ये अशक्य मानली जात होती.

ती अशक्य कोणी ठरविली, या प्रश्नाचे उत्तर मिळत नसे. कंपनीचे अधिकारी कामगार संघटनेकडे बोट दाखवीत. संघटनेचे पुढारी म्हणत, नेमणुका करणे हे कंपनीचे काम. प्रत्यक्षात वाहतूक कामगार संघटनेच्या तेथील प्रवासी वाहतूक विभागाने १९५५ साली गाड्यांवर कृष्णवर्णीय नकोत असा ठराव केला होता. कंपनीच्या व्यवस्थापकांचे म्हणणे असे, की असे लोक घेतले तर गोरे कामगार हळूहळू काम सोडून जातील. १९६१ साली स्थानिक वृत्तपत्रांनी या प्रकाराला वाचा फोडली. चर्चा झाली आणि विरली. शहरातील प्रत्येकाला माहीत असलेली ही गोष्ट कोणाच्याही सहीने कोठेही नोंदली गेलेली नव्हती. नकार रोज दिला जात होता. तो देणारा मात्र कोणीच नव्हता.

या ठिकाणी पॉल स्टीफन्सन यांचा प्रवेश होतो. त्यांचा जन्म १९३७ साली इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात झाला. वडील पश्चिम आफ्रिकेतील, आई ब्रिटिश. काही वर्षे हवाई दलात काढून ते ब्रिस्टलमध्ये आले आणि सेंट पॉल्स या वस्तीत तरुणांसाठी काम करणारे अधिकारी म्हणून नेमले गेले. १९६३च्या एप्रिलमध्ये त्यांना सव्विसावे वर्ष पुरे व्हायचे होते. रॉय हॅकेट, ओवेन हेन्री, ऑडली इव्हान्स आणि प्रिन्स ब्राउन या चौघांनी, जुन्या मंडळींच्या सबुरीला कंटाळून, वेस्ट इंडियन डेव्हलपमेंट कौन्सिल स्थापन केली होती. त्यांनी आपले म्हणणे मांडण्याचे काम स्टीफन्सन यांच्याकडे सोपविले.

स्टीफन्सन यांनी प्रथम जे केले ते दिसायला अगदी किरकोळ होते. गाइ बेली या अठरा वर्षांच्या तरुणासाठी त्यांनी कंडक्टरच्या जागेची मुलाखत ठरविली. बेली एका गोदामात नोकरीला होता आणि बॉइज ब्रिगेड या शिस्तबद्ध ख्रिस्ती युवक संघटनेत अधिकारी होता. पात्रतेत बोट ठेवायला जागा नव्हती. कंपनीकडे जागा रिकाम्या होत्या आणि मुलाखतीची वेळही मिळाली. उमेदवार वेस्ट इंडियन आहे हे कळताच मुलाखत रद्द झाली. एवढेच घडले. पण या एवढ्याने वर्षानुवर्षे हवेत तरंगणारा नकार जमिनीवर आला. त्याला दिवस मिळाला, उमेदवाराचे नाव मिळाले आणि, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नाकारणाऱ्याचे नाव मिळाले. यापुढे ‘आमच्याकडे असे काही नाही’ असे म्हणण्याची सोय उरली नाही.

मराठी वाचकाला येथे एका दुसऱ्या प्रवासाची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९०१ साली नऊ-दहा वर्षांचे भीमराव आंबेडकर आपला भाऊ आणि भाचे यांच्यासह वडिलांना भेटण्यासाठी साताऱ्याहून निघाले आणि मसूरच्या स्थानकावर उतरले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात बाबासाहेबांनी हा प्रसंग नोंदविला आहे. मुलांचे कपडे नीटनेटके होते आणि स्टेशनमास्तर त्यांच्याशी आस्थेने बोलत होता. आपण महार आहोत असे मुलांनी सांगताच त्याचा चेहरा पालटला. बैलगाडीवाले कोणी न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक जण कबूल झाला, तोही अशा अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची. तो स्वतः सोबतीने पायी चालणार. भाडे विटाळले नाही, गाडी विटाळली नाही. गाडीवानाचे आसन तेवढे त्याला त्यांच्याबरोबर चालेना. ब्रिस्टलच्या गाडीत कृष्णवर्णीयाच्या हातचे पैसे रोज घेतले जात होते. त्याच्या हातून तिकीट घेणे मात्र चालत नव्हते. दोन्ही व्यवस्थांचा इतिहास वेगळा आहे, तात्त्विक आधार वेगळे आहेत. त्यांना सरसकट एक म्हणणे चुकीचे ठरेल. तथापि वाहन हे सार्वजनिक असते तेव्हा भेद नेमका कोठे जाऊन बसतो, हे दोन्ही प्रसंग सारख्याच स्पष्टपणे दाखवितात. पैशाच्या देवघेवीला तो हात लावीत नाही. बरोबरीच्या नात्याला लावतो. ‘वर्ण’ हा एकच शब्द आपल्या भाषांत रंगालाही वापरला जातो आणि समाजातील पायरीलाही, हा या संदर्भात निव्वळ शब्दकोशातला योगायोग वाटत नाही.

२९ एप्रिल १९६३ रोजी बहिष्कार जाहीर झाला. प्रेरणा उघडच माँटगोमेरीची होती. तेथे रोझा पार्क्स यांच्या अटकेनंतर, डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस, कृष्णवर्णीयांनी बसगाड्यांत पाऊल ठेवले नाही. आणि त्या लढ्याचे नेतृत्व आले तेव्हा किंग यांचेही वय सव्वीसच होते. परंतु दोन्ही ठिकाणच्या बळाची तुलना केल्यास ब्रिस्टलचे धाडस अधिक डोळ्यांत भरते. माँटगोमेरीत बसचे बहुसंख्य उतारू कृष्णवर्णीय होते. त्यांनी पाठ फिरविताच कंपनीचे उत्पन्न बुडाले. ब्रिस्टल हे चार लाखांहून अधिक वस्तीचे शहर. त्यातल्या तीन हजारांनी पायी चालायचे ठरविले म्हणून कंपनीच्या तिजोरीला काय फरक पडणार होता? हा बहिष्कार पैशाच्या जोरावर जिंकता येणारा नव्हता. त्याचा उपयोग एकच होता: रोज कोणीतरी विचारावे की हे लोक पायी का चालले आहेत, आणि रोज कोणाला तरी त्याचे उत्तर द्यावे लागावे.

उत्तरे येऊ लागली आणि प्रत्येक उत्तराबरोबर कोण कोठे उभा आहे ते उघड होत गेले. विद्यापीठाचे विद्यार्थी बसस्थानकावर मोर्चा घेऊन गेले. बस कामगारांनी त्यांची हुर्यो उडविली. टोनी बेन यांनी पाठिंबा दिला आणि मजूर पक्षाचे नेते हॅरल्ड विल्सन यांनी जाहीर निषेध केला. लिअरी कॉन्स्टंटाइन तेव्हा त्रिनिदाद आणि टोबॅगोचे लंडनमधील उच्चायुक्त होते. क्रिकेटपटू म्हणून भारतीय वाचक त्यांना ओळखतो. पण वर्णावरून जागा नाकारणाऱ्या एका लंडनच्या हॉटेलाविरुद्धचा दावा त्यांनी १९४४ साली जिंकला होता, हे कमी जणांना ठाऊक असते. त्यांनी उघडपणे लढ्याची बाजू घेतली, आणि परक्या देशाच्या कारभारात असे बोलणे त्यांच्या स्वतःच्या सरकारलाही रुचले नाही. त्याच सुमारास दौऱ्यावर असलेल्या वेस्ट इंडीजच्या संघाने, खेळ आणि राजकारण यांची गल्लत नको म्हणून, जाहीर पाठिंबा देण्याचे टाळले. शहरातील ख्रिस्ती मंडळांच्या परिषदेने तर हा संघर्ष प्रातिनिधिक नसलेल्या मूठभरांनी ओढवून आणला आहे असा ठपका ठेवला.

हा ‘प्रातिनिधिक नसल्याचा’ आक्षेप गंभीरपणे तपासला पाहिजे, कारण तो प्रत्येक काळात प्रत्येक तरुण कार्यकर्त्यावर घेतला जातो. स्टीफन्सन वेस्ट इंडीजचे नव्हते. त्यांची बोली, त्यांचे शिक्षण, त्यांची नोकरी सारे इंग्लिश होते. त्यांना कोणी मते देऊन निवडले नव्हते. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी सेंट मेरी रेडक्लिफ चर्चवर मोर्चा काढला तेव्हा फार थोडे लोक आले. नोकरी जाण्याची, शेजाऱ्याच्या डोळ्यावर येण्याची भीती त्या अनुपस्थितीत होती हे मान्य केले, तरी लोक आले नाहीत ही वस्तुस्थिती उरतेच. मग त्यांनी बोलायचे कोणाच्या वतीने?

या ठिकाणी आपल्या भाषेतील शब्दांकडे वळणे उपयोगी ठरेल. मराठीत अशा माणसासाठी ‘पुढारी’, ‘प्रवक्ता’, ‘प्रतिनिधी’, ‘कैवारी’ असे अनेक शब्द आहेत, आणि ते एकाच अर्थाचे नाहीत. पुढाऱ्याच्या मागे लोक असावे लागतात. प्रतिनिधीला निवडून यावे लागते. प्रवक्त्याला कोणीतरी नेमावे लागते. कैवाऱ्याला यांपैकी काहीही लागत नाही. कैवार ‘घ्यावा’ लागतो, म्हणजे तो ज्याच्या त्याच्या जबाबदारीवरचा असतो. म्हणून कैवाऱ्याची परीक्षा ‘तुझ्यामागे किती जण?’ या प्रश्नाने होऊ शकत नाही. त्याने मांडलेली गोष्ट खरी आहे की नाही, आणि तिची किंमत तो स्वतः मोजतो आहे की दुसऱ्यांकडून मोजून घेतो आहे, या दोन प्रश्नांनी ती व्हावयास हवी. बेलीची मुलाखत रद्द झाली होती ही गोष्ट खरी होती. ती खरी असण्यासाठी शंभरांच्या मोर्चाची गरज नव्हती. किंमत म्हणाल तर स्टीफन्सन यांना जाहीरपणे अप्रामाणिक आणि बेजबाबदार म्हटले गेले. त्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि डिसेंबर १९६३ मध्ये न्यायालयाने त्यांना भरपाई देवविली.

दुसरा आक्षेप सबुरीचा. गाजावाजा न करता बोलणी झाली असती तर कटुता टळली असती, असे तेव्हा म्हटले गेले. संघटनेतीलच एका कृष्णवर्णीय सभासदाच्या सहीचे तशा आशयाचे पत्रकही निघाले. परंतु १९५५च्या ठरावापासून १९६३ पर्यंतची आठ वर्षे ही शांततेचीच वर्षे होती, आणि त्या शांततेत एकही नेमणूक झाली नाही. अर्थात याचा अर्थ समोरच्या बस कामगारांच्या मनात केवळ द्वेषच होता असा करणे अन्यायाचे ठरेल. त्यांचा मूळ पगार तुटपुंजा होता. घर चालायचे ते ओव्हरटाइमवर. माणसे वाढली तर जादा काम जाईल ही त्यांची धास्ती खोटी नव्हती. दुर्दैवाची गोष्ट अशी, की पगार वाढवून घेण्यासाठी जी संघटना उभी राहिली होती तिने कमी पगाराचे दुखणे दुसऱ्या गरिबाला दाराबाहेर ठेवून बरे करायचे ठरविले. दुखणे तसेच राहिले आणि दारही बंद राहिले.

ते दार उघडले २८ ऑगस्ट १९६३ रोजी. आदल्या दिवशी पाचशे बस कामगारांच्या सभेने बंदी उठविण्यास संमती दिली होती. यापुढे नेमणुकांत भेद होणार नाही असे कंपनीने जाहीर केले. त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये किंग यांचे ते विख्यात भाषण झाले, आणि जगाचे लक्ष साहजिकच तिकडे गेले. १७ सप्टेंबरला रघबीर सिंग ब्रिस्टलचे पहिले गौरेतर कंडक्टर झाले; पाठोपाठ जमैकाचे दोघे आणि पाकिस्तानचे दोघे रुजू झाले. लढा वेस्ट इंडियनांनी दिला आणि पहिली जागा एका शीख माणसाला मिळाली, यात खेद मानण्यासारखे काही नाही. उलट एका समाजाने ठोठावलेले दार सर्वांसाठी उघडते हीच त्या लढ्याच्या न्याय्यतेची साक्ष आहे. परंतु परदेशी गेलेल्या भारतीयाने, आणि त्याच्या यशाचे कौतुक करणाऱ्या इकडच्या वाचकानेही, हे ऋण ओळखावयास हवे. आपण कृष्णवर्णीयांहून वेगळे आणि थोडे वरचे, अशी जी एक भावना आपल्यापैकी अनेक जण बरोबर घेऊन जातात, तिला ब्रिस्टलच्या त्या पहिल्या गणवेशाने कायमचे खोटे पाडले आहे. चारच वर्षांनी, १९६७ साली, वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये पगडी आणि दाढी राखून कामावर आलेल्या एका शीख बस कामगाराला परत पाठविण्यात आले, आणि ती बंदी उठण्यास १९६९चा एप्रिल उजाडला. बसचे दार एकदा उघडले म्हणजे काम संपत नाही.

कायद्याचेही तसेच. ब्रिटनमध्ये वर्णभेदविरोधी पहिला कायदा १९६५ साली झाला, पण नोकऱ्या त्याच्या कक्षेत आल्या त्या १९६८च्या कायद्याने. ब्रिस्टलच्या संघटनेने तो ठराव केला त्याच १९५५ साली भारतात अस्पृश्यतेचे आचरण गुन्हा ठरविणारा कायदा अमलात आला, आणि सार्वजनिक वाहनाचा वापर नाकारणे हेही त्यात गुन्ह्यांमध्ये गणले गेले. कागदावर पाहिले तर आपण दहा वर्षे पुढे होतो. तरीही कायद्याने नकार नाहीसा होतोच असे नाही. पुष्कळदा कायदा होताच नकार आपली सही तेवढी पुसून टाकतो. ‘जागा भरली’, ‘नंतर कळवू’, ‘घरमालक परगावी आहेत’ अशा निरुपद्रवी वाक्यांत तो राहायला जातो. कायदा नव्हता तेव्हा ब्रिस्टलमध्ये जे काम स्टीफन्सन यांना करावे लागले, तेच काम कायदा असलेल्या देशात कोणा तरुणाला किंवा तरुणीला आजही करावे लागते: एक अर्ज करायचा, एक उत्तर मिळवायचे आणि ते कोणी दिले ते लिहून ठेवायचे. या कामात वक्तृत्व फारसे लागत नाही. चिकाटी लागते, आणि एकटे पडण्याची तयारी लागते.

स्टीफन्सन यांना उत्तरायुष्यात मानसन्मान मिळाले. ज्या शहराने त्यांना उपद्रवी ठरविले त्याच शहराने २००७ साली त्यांना आपले सन्माननीय नागरिक केले. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये त्यांचे निधन झाले. या सन्मानांपेक्षाही अर्थपूर्ण घटना २०१३ सालची आहे. त्या वर्षी, बहिष्काराला पन्नास वर्षे होत असताना, जुन्या वाहतूक कामगार संघटनेची वारस असलेल्या युनाइट या संघटनेने १९६३च्या वर्तनाबद्दल जाहीर क्षमा मागितली. पन्नास वर्षे उशिरा का होईना, नकाराखाली सही झाली. ज्या चौघांनी एका पंचविशीतल्या तरुणाला आपले म्हणणे मांडायला सांगितले, त्यांनी मुळात मागितले होते ते एवढेच.